दात न काढणारे डॉक्टर

दात काढून घ्यायला आलेल्या माणसाला दातासकट घरी पाठवणारा दातांचा डॉक्टर जगात एकच झाला असेल. तो रत्नागिरीत झाला आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच हाताखाली शिकले. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मॅट्रिक होऊन मी हातखंब्याजवळच्या आमच्या गावात घरी बसले होते. बाबा मुंबईत, काकाही मुंबईत. घरात आई, काकू आणि मी. दातांच्या दवाखान्यात मुली हव्यात असं कळलं, तेव्हा मला वाटलं, केर काढायचा आणि पेशंटची नावं पुकारायची. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात प्लास्टरचा जबडा ठेवला. म्हणाले, "बायो, हा घरी ने. कुठला दात काय काम करतो ते उद्या येऊन मला सांगायचं." एसटीत शेजारची बाई माझ्या पिशवीत सहज डोकावली आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसली.

दवाखाना बाजारात, मिठाईच्या दुकानाच्या बरोबर वर. खाली पेढे, वर आम्ही. दोघांची भागी आहे असं लोक म्हणत. डॉक्टर मात्र रोज जिना चढण्याआधी मिठाईवाल्याला सांगत, "पेढे विका, माझं काही म्हणणं नाही. पण गिऱ्हाइकाला चूळ भरायला लावून मग सोडा." शेवटी त्या बिचाऱ्याने कंटाळून दुकानाबाहेर पाण्याचा माठ ठेवला. त्या माठाकडे डॉक्टर असे बघत, जसं काही त्यांनी धरणच बांधलंय. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते कोऱ्या चेहऱ्याने उभे राहायचे; तो हसला की लगेच, "अरे, तुम्ही होय! खालची उजवी दाढ काय म्हणते?" लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक बिचकत. एकदा तर अक्षता टाकता टाकता माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "नवरा मुलगा तोंडाने श्वास घेतोय. हिरड्या सुजलेल्या असणार. पण स्वभावाने बरा वाटतो."

आम्ही तिघी मुली शिकायला होतो. दुपारी दवाखाना बंद झाला की मागच्या गॅलरीत आमचा वर्ग भरे. मी पहिले काही आठवडे फक्त हात धुवायला आणि हत्यारं उकळायला शिकले. मग एके दिवशी डॉक्टरांनी आम्हाला लाल गोळ्या चघळायला दिल्या. दात नीट घासले नसतील तिथे लाल रंग चिकटतो, असं सांगितलं. आम्ही तिघी मुद्दाम घासून घासून आलेल्या, तरी आरशात तिघींची तोंडं लालभडक. डॉक्टरांना फार आनंद झाला. "दुसऱ्याच्या तोंडात आरसा घालायचा, तर आधी स्वतःचं तोंड बघायला नको का?" त्या संध्याकाळी कंडक्टरने तिकीट देताना मला विचारलं, "काय गो, कुणाच्या लग्नात विडा खाल्लास?"

शिकवण्याची त्यांची तऱ्हाच निराळी. दाताला कीड लागते म्हणजे आत अळी वळवळते, असं तेव्हा आमच्याकडे सगळेच मानत. मीही मानत होते. डॉक्टर आम्हाला खाली रस्त्यावर घेऊन गेले. एका जुन्या कुंपणातला झिजलेला जांभ्याचा चिरा दाखवला आणि म्हणाले, "ह्याला कुठली अळी लागली? पाणी मुरत गेलं, दगड झिजत गेला. गोड खाऊन तोंड तसंच ठेवलं की तोंडात आंबट तयार होतं, आणि दात असाच झिजतो." हिरड्या शिकवायला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. मुळाची वाळू वाहून गेलेला एक माड हाताने हलवून दाखवला. पुस्तकातलं पुष्कळ मी पुढे विसरले. तो माड काही विसरले नाही.

मग ते आम्हाला घेऊन गावोगावी जाऊ लागले, शाळांमधून, देवळांच्या सभामंडपातून. आमच्या गावात आले तेव्हा बायकांच्या रांगेत माझी काकू होती. काकूला मिशेरीची, भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची, सवय. सकाळ-दुपार गालात धरून ठेवायची. मी आरसा घातला, तर गालाच्या आत पांढरा चट्टा. "पांढरं दिसलं तर कापसाने पूस, आणि पुसलं गेलं नाही तर मला हाक मार," हे आमच्याकडून पाठ करून घेतलेलं. मी पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. मग हाक मारली.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मुंबईला दाखवायला हवं. लवकर."

"मी नाय जायाची," काकू म्हणाली. "दुखत नाय, खुपत नाय, कशाला जाव?"

"दुखायला लागण्याआधीच जायचं असतं, वहिनी."

काकू उठून घरी निघून गेली. डॉक्टर तिच्या मागोमाग. आमच्या पडवीत बसले आणि म्हणाले, "तुम्ही हो म्हणेपर्यंत मी इथेच आहे. जेवायला काय केलंय?" आईने त्यांना कुळथाची पिठी आणि भात वाढला. जेवून त्यांनी चूळ भरली, बोटाने हिरड्या चोळल्या आणि खांबाला टेकून चक्क झोपले. उठले, चहा घेतला, पुन्हा बसले. परका माणूस दारातून हलत नाही हे बघून काकू शेवटी रडकुंडीला आली. "जाते बाबा, जाते. तू आधी घरी जा."

मुंबईत काकांनी तिला मोठ्या इस्पितळात नेलं. गालातला तुकडा काढून तपासला. कॅन्सर व्हायच्या बेतात होता, झालेला नव्हता. चट्टा काढून टाकला, मिशेरी सुटली. काकू त्यानंतर कितीतरी वर्षं जगली, माझी मुलं तिने सांभाळली. डॉक्टरांचं नाव निघालं की म्हणायची, "चिकट मेला," आणि देवाला हात जोडावेत तसे हात जोडायची.

त्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणत असू, वारल्या होत्या, मुलीने त्यांना मुंबईला बोलावलं होतं. सामान बांधून झालं, आम्ही निघणार, तेवढ्यात ते पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. मला म्हणाले, "बायो, जरा बघ." इतक्या वर्षांत त्यांचं तोंड मी कधी तपासलं नव्हतं. मी हात धुतले, आरसा घेतला. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते.

"डॉक्टर, मागच्या दाढेला कीड आहे. बरीच जुनी दिसते."

"माहीत आहे."

"मग कुणाला दाखवलीत का नाही?"

ते डोळे मिटूनच म्हणाले, "मला भीती वाटते गं. बाईंना ठाऊक होतं. त्या हात धरून न्यायच्या."

मी आरसा खाली ठेवला आणि थोडा वेळ त्यांचा हात धरून उभी राहिले. आभार मानायचे होते. मी एवढंच म्हटलं, "मुंबईला गेलात की मुलीला सांगा. ती येईल बरोबर." त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

पुढे ते वारल्याचं कळलं. ती दाढ त्यांनी भरून घेतली होती की नाही, ते विचारायचं राहून गेलं.