बशीबाईंनी न मारलेली नळी

पडदा वर जातो तेव्हा समोर पांढऱ्या फरशांची खोली. डावीकडे फुसफुसणारा, पिंपाएवढा ऑटोक्लेव्ह. त्यात गेलेलं काहीही जिवंत बाहेर येत नाही. उजवीकडे धुतलेल्या काचेच्या बश्यांची चळत. आणि मधोमध, मूठ आवळून, बशीबाई. मुठीत एक नळी.

जिवंत जंतू नळ्यांत जपून ठेवणाऱ्या त्या संग्रहात बशीबाईंनी एकतीस वर्षं बश्या धुतल्या आणि जंतूंचं खाणं शिजवलं. घरी नणंद टोमणा मारायची, "वहिनी, नवरा उपाशी आणि जंतू मात्र वेळेवर जेवतात!"

"ते जेवून वर नावं ठेवत नाहीत," बाई म्हणायच्या.

आज मात्र गोष्ट जिवावर बेतली होती. नव्या साहेबांनी फर्मान काढलं होतं: नळीतली जाती वेगळी नाहीच, शेजारच्या कपाटातलीच ती, जनुकं तंतोतंत जुळली. नाव रद्द, नळी नष्ट. त्या जातीची तेवढी एकच जिवंत नळी उरली होती. ती गेली की त्या नावामागे उभं राहायला कुणीच नव्हतं.

"बाई, टाका ती आत."

"नाही टाकत."

"तुमचं काम भांडी घासायचं. वर्गीकरण आम्ही बघतो."

"बघा की! पण तपासणीला बशी कितव्या दिवशी नेलीत?"

साहेबांनी वही चाळली. "दुसऱ्या. भरभरून वाढ होती."

"मग दुसरंच कुणीतरी घुसलं होतं बशीत. माझं हे लेकरू महाआळशी. चौथ्या दिवसाआधी तोंड दाखवत नाही."

"पुरावा?"

"माझ्यासमोर या नळीतून ताजी बशी लावा आणि चार दिवस कळ काढा. नोकरीवरून काढायचं तर काढा. नाहीतरी दोन महिन्यांनी घरीच बसायचंय."

साहेबांनी चडफडत बशी लावली. बाईंनी नळी कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःकडे.

दुसऱ्या दिवशी बशी कोरी. "मेलंय तुमचं लेकरू," साहेब म्हणाले. तिसऱ्या दिवशीही कोरी.  पण बाईंची मान ताठ ती ताठच.

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी बशी खिडकीच्या उजेडात धरली. टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे ठिपके. पुन्हा जनुकं तपासली. शेजाऱ्याशी नातं निघालं, पण लांबचं, चुलत.

साहेब मनाचे वाईट नव्हते. स्वतः नवी चिठ्ठी घेऊन आले, नळीला चिकटवली आणि तिच्यावर नुसता क्रमांक घालू लागले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"आकडा नको, साहेब. पूर्ण नाव लिहा, प्रजातीचं आणि जातीचं, दोन्ही. मी उभी आहे इथे."