एवलोगी मान्चेव यांची चौकट

झहारी कारापेत्कोव नेमकं काय काम करतो, हे त्याच्या बायकोला, गेनोव्हेवाला, चार वर्षांत कुणाला धडपणे सांगता आलं नव्हतं. मोबाईलवर नवं ॲप घेतलं की आधी तीन स्क्रीन येतात. 'आपलं स्वागत आहे.' 'सगळं किती सोपं आहे!' 'चला, सुरू करू या.' खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'वगळा' असतं, आणि लोक तेवढंच दाबतात. ते तीन स्क्रीन झहारी करायचा.

"म्हणजे कुणीच वाचत नाही ते तू लिहितोस," गेनोव्हेवा एकदा म्हणाली.

"हो."

"मग सरळ लेखक आहे म्हणून सांग की. आईला बरं तरी वाटेल."

झहारी त्रेपन्न वर्षांचा होता. त्याची उमेदीची बावीस वर्षं प्लोवदिव शहरातल्या, स्टेशनमागच्या छापखान्यात गेली होती. तिथे लग्नपत्रिका छापल्या जात, बाटल्यांची लेबलं छापली जात. झहारीच्या टेबलावर मात्र यायची ती निधनपत्रकं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव, वय आणि चार ओळी काळ्या चौकटीत एका कागदावर छापून तो इमारतीच्या दाराला, बसथांब्याला, झाडाच्या बुंध्याला चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. काही माणसं हयातीत जेवढी चौकात दिसली नसतील तेवढी मग दिसायला लागतात. समोर मुलगी रडत असताना झहारी सात मिनिटांत पत्रक जुळवायचा आणि आडनाव कधी चुकवायचा नाही.

पुढे लोक घरच्या घरी छापायला लागले, छापखाना बंद पडला, आणि झहारीने स्क्रीनच्या मांडणीचा सहा आठवड्यांचा एक वर्ग केला. अक्षरांना श्वास घ्यायला जागा द्यावी, असं तिथे त्याला शिकवण्यात आलं. मृतांना नाही लागला तरी अक्षरांना श्वास लागतो, हे त्याला बावीस वर्षं ठाऊक होतं; पण वर्गातला तो सर्वांत थोराड विद्यार्थी असल्यामुळे त्याने ते वहीत उतरवून घेतलं.

सध्या त्याच्याकडे 'कोमशू' नावाचं ॲप होतं. कोमशू म्हणजे शेजारी. लिफ्ट बंद आहे, शनिवारी सभा आहे, जिना कुणी झाडायचा आहे, अशा गोष्टी रहिवाशांना घरबसल्या कळाव्यात आणि त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. त्राकिया वस्तीतल्या तीस जिन्यांवर त्याची चाचणी चालली होती; तिथे एका जिन्यावरची घरं मिळून आपला एक कारभारी निवडतात.

त्याची वरिष्ठ देनित्सा एकतीस वर्षांची होती. ती आकडे घेऊन आली आणि त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकली.

"झहारीदादा, शंभरातले एक्क्याण्णव पहिल्याच स्क्रीनवर 'वगळा' दाबतायत."

"आणि उरलेले नऊ?"

"त्यांना बटण सापडत नसणार." मग तिने आवाज उतरवला. "वरून निरोप आहे. महिनाअखेरीस निम्मी माणसं तिसऱ्या स्क्रीनपर्यंत पोचली नाहीत, तर हे स्क्रीनच बंद करायचे."

"आणि मला?"

देनित्साने आकड्यांचा कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "माणसाचा चेहरा टाकून बघ ना, दादा. चेहऱ्यावर लोक थांबतात. प्रत्येक जिन्याच्या कारभाऱ्याचा फोटो टाक."

त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा सहा आठवड्यांचा वर्ग करायची झहारीची तयारी नव्हती. त्याने तीस कारभाऱ्यांचे फोटो मागवले. कुणी मासा धरून उभा, कुणी लग्नात नाचताना, कुणाच्या तोंडावर निळा उजेड. ते एकसारखे दिसावेत म्हणून त्याने सगळ्यांचे रंग काढून टाकले. कडा फिकट पडत होत्या, म्हणून भोवती बारीक काळी चौकट घातली. त्याच्या स्वतःच्या जिन्याचे कारभारी एवलोगी मान्चेव, निवृत्त स्टेशनमास्तर; त्यांनी कोट-टायमधला, फलाटावरून शेवटची गाडी सुटून गेल्यासारखा गंभीर फोटो पाठवला होता. खाली झहारीने नाव ठळक अक्षरांत टाकलं आणि मजकूर लिहिला: 'एकोणीस वर्षं त्यांनी या जिन्याची काळजी घेतली. लिफ्ट, छप्पर, दिवे, सगळ्यांवर त्यांचं लक्ष असे.' दुसऱ्या स्क्रीनवर लिहिलं, 'एवलोगी यांच्याशी संपर्क साधणं आता सोपं झालं आहे.' तिसऱ्यावर नेहमीचंच, 'चला, सुरू करू या.' हात भराभरा चालत होता. काम इतकं सुरेख जमलेलं त्याला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं, आणि याचं कारण काय असावं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

कचेरीतल्या आठ जणांनी नियमाप्रमाणे ते तपासलं. आठही जणांनी 'वगळा' दाबलं आणि पुढचं सगळं ठीक असल्याचा शेरा दिला. देनित्साही त्यांतच होती.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता नवे स्क्रीन तीसही जिन्यांवर गेले. साडेआठला झहारी चौथ्या मजल्यावरून खाली उतरत होता. दुसऱ्या मजल्यावर एवलोगींच्या दाराशी तिसऱ्या मजल्यावरच्या राइनामावशी उभ्या होत्या. एका हातात मयताच्या घरी नेतात तो उकडलेल्या गोड गव्हांचा वाडगा, दुसऱ्या हातात कार्नेशनची दोन फुलं. दार एवलोगींनीच उघडलं. अंगात बंडी, पायांत सपाता.

"अगं बाई!" मावशी मागे सरल्या. "तुम्ही?"

"माझ्या घरात आणखी कोण असणार?"

"तुम्ही गेलात ना!"

"कुठे?"

"मला काय ठाऊक कुठे! वर की खाली, ते तुमच्या कर्मावर." मावशींनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा. फोटो, चौकट, सगळं रीतसर आहे. अंत्यविधी किती वाजता ते शोधत मी पार शेवटपर्यंत गेले, तर म्हणे 'चला, सुरू करू या'!"

एवलोगींनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. मावशींना तोवर हातातल्या फुलांचं भान आलं. जिवंत माणसाला सम संख्येत फुलं देत नाहीत. त्यांनी एक फूल पिशवीत टाकलं, दुसरं एवलोगींच्या हातात दिलं आणि गव्हांचा वाडगाही पुढे केला. "गहू खाऊन टाका. साखर घातली आहे, फुकट कशाला जायचे."

एवलोगींची नजर जिन्यावर थिजलेल्या झहारीकडे गेली.

"झहारी, हे तुझं काम?"

"काका, मी... हात... म्हणजे छापखान्याची सवय."

"ती दिसतेच आहे," एवलोगी म्हणाले.

झहारी कचेरीत पोचला तो सात मिनिटांत मनात राजीनामा जुळवूनच. देनित्सा दारातच उभी होती.

"शहाण्णव!"

"तक्रारी?"

"टक्के, दादा, टक्के! शंभरातले शहाण्णव शेवटपर्यंत गेले. सरासरी चाळीस सेकंद एकेका स्क्रीनवर. काहींनी दोनदा वाचलं. तू केलंस तरी काय?"

झहारीने तिच्या फोनवर पहिला स्क्रीन उघडून तिच्या हातात दिला. देनित्साने तो प्रथमच पाहिला. तिचा हात आपोआप छातीवर क्रूस काढायला गेला आणि मध्येच थांबला.

आमच्या देशात निधनपत्रक न वाचता पुढे जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बस सुटली तरी चालेल. पण कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं आणि आपल्यापेक्षा लहान होतं का, एवढं पाहिल्याशिवाय पाय उचलत नाही.

"तीस जणांना जिवंतपणी मारलं मी," झहारी म्हणाला. "वाटेतच फोन आला, एका कारभारणीची बहीण म्हणे काळे कपडे घालून शेजारच्या आसेनोवग्राद गावाहून टॅक्सीने आली. चौकट आजच काढतो."

"काढ. पण काढलीस की पुन्हा नऊ टक्के. महिना संपायला सहा दिवस आहेत, दादा. मी तुला काही सांगत नाही." एवढं सांगून ती गेली.

झहारीने बराच वेळ विचार केला. आजवर त्याचं लिहिलेलं लोकांनी वाचलं ते फक्त कुणीतरी मेल्यावर. आता न मेल्यावरही वाचलं होतं. पण छापखान्यात एक नियम कुणी न सांगता पाळला जाई: डॉक्टरचा कागद पाहिल्याशिवाय चौकट घालायची नाही. संध्याकाळी तो मनाचा हिय्या करून एवलोगींच्या दारात उभा राहिला.

"काका, माफ करा. चौकट काढतो. नोकरी गेली तरी चालेल."

"आत ये. बूट काढ." एवलोगींनी दोन पेल्यांत राकिया, फळांची कडक दारू, ओतली. टेबलावर सहा डिश होत्या, कशात मिरच्या, कशात चीज भरलेली भाकरी, सगळ्या निरनिराळ्या घरांतल्या. "सकाळपासून माणसांची रीघ आहे. शेजारचा दांचो, तो ॲन्टेनाच्या भांडणापासून सात वर्षं माझ्याशी बोलला नव्हता. दारात उभा राहून रडला. मी जिवंत आहे हे कळल्यावर गडी जरा ओशाळला, पण रडला ते खरंच होतं."

"म्हणूनच म्हणतो, काढून टाकतो."

"काढायची गोष्ट कोण करतंय? मी एकोणीस वर्षं दिवे बदलतोय. आज पहिल्यांदा पोरं जिन्यात थांबून 'नमस्कार' म्हणाली. चौकट असू दे. मजकूर मात्र दुरुस्त कर. एकोणीस नव्हे, वीस वर्षं होतील ऑक्टोबरात. आणि लिही, 'त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही.'"

"काका, ते खोटं आहे."

"आणि बावीस वर्षं तू छापलंस ते सगळं खरं होतं वाटतं?"

झहारीने खिशातून वही काढली. त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेल्या एकोणतीस कारभाऱ्यांना एकेक करून फोन केला, माफी मागितली आणि चौकट ठेवायची की काढायची ते विचारलं. चौघांनी काढायला सांगितली. आसेनोवग्रादच्या बहिणीची बहीण त्यांतली एक. तिने झहारीच्या आईचाही उल्लेख केला. पंचवीस जणांनी ठेवा म्हटलं, त्यांतल्या सात बायकांनी वीस वर्षांपूर्वीचे फोटो पाठवले. झहारीने मजकुरातला भूतकाळ काढून वर्तमानकाळ घातला, चौकट काळ्याची गडद तपकिरी केली आणि सगळ्यांच्या नावापुढे स्वतःहून 'सध्या कार्यरत' असं लिहिलं. महिनाअखेरीस आकडा एक्क्याऐंशीवर स्थिरावला. वरून पत्र आलं: झहारी कायम. पत्रात त्याच्या 'मानवी स्पर्शा'चं कौतुक होतं.

ऑक्टोबरात जिन्याची सभा भरली. कारभारी निवडायची वेळ आली की आजवर सगळ्यांची नजर जमिनीकडे जायची आणि एवलोगी सुस्कारा टाकून "बरं, मीच" म्हणायचे. या वेळी त्यांनी सुस्कारा टाकला, आणि तो पुरा व्हायच्या आत दांचो उभा राहिला. इतकी वर्षं एकाच माणसावर भार टाकणं बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं पडलं. राइनामावशींनाही तसंच वाटत होतं. फक्त त्यांच्या मते भार दांचोवर टाकणंही बरं नव्हतं. तीन उमेदवार झाले. मोजणी दोनदा झाली. दांचो एका मताने निवडून आला, आणि एवलोगी कुणाशी न बोलता घरात गेले.

सोमवारी सकाळी झहारीने दार उघडलं, तर दांचो समोर उभा. दाढी घोटलेली, काळा कोट, बगलेत पाकीट.

"दोन फोटो आणलेत," तो म्हणाला. "कुठल्यात मी जास्त आठवणीत राहीन, ते तू सांग."