ताईंचे उपवास

ताईंना उपवास फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे तर होतेच. पण एखाद्या गावच्या दलित वस्तीत बैठक असली की जीप वेशीपाशी येईस्तोवर एखादा जास्तीचाही निघायचा. वस्तीतली बाई पोह्यांची बशी घेऊन पुढं आली की ताई तिचे दोन्ही हात धरत. "अगं, तुझ्या हातचं खाल्लंच असतं, पण आज नेमका उपवास!" बाई बिचारी हळहळायची. ईदला माझ्या अम्मीनं डबा दिला, तेव्हाही तेच. अम्मीनं मला विचारलं, "शीरखुर्मे में तो दूधही है ना रे?"

मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. गाव तिवसा, शाळा आठवीत सुटलेली. दिल्लीचे पाहुणे आले की ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "हा आमचा सलीम." नाव जरा मोठ्यानं घ्यायच्या. पाहुणे खूश होऊन वहीत काहीतरी लिहायचे. मीही हसायचो. नोकरी होती.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला भाव नव्हता, पण वऱ्हाडाचं दुःख बघायला येणाऱ्या गाड्यांना तोटा नव्हता. ताई आधी बायांना शिवण शिकवायच्या. मग पाहुण्यांना काय बघायचंय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि संस्थेच्या पाटीवर दरसाल एक शब्द वाढत गेला. आधी महिला, मग शेतकरी, शेवटी समता. अकोल्याला जठारपेठेतल्या एका खोलीचा अख्खा मजला झाला. "जात मोडायला मी जन्म घेतलाय," असं त्या माईकवर म्हणत, आणि घरी मोलकरणीचा कप खिडकीत पालथा असे.

खोटं बोलणार नाही. लायसन त्यांनीच काढून दिलं. अम्मीच्या ऑपरेशनला अकोल्याच्या दवाखान्यात खाट नव्हती, तेव्हा डॉक्टरसमोर त्या अशा ठाण मांडून बसल्या की खाट निघाली. आज इथं वापीत कंपनीची गाडी चालवतो, तीही त्यांच्याच चिठ्ठीवर. हे लिहितानासुद्धा, कुणी त्यांना वाचून दाखवलं तर, अशी धाकधूक आहेच.

तिवशाच्या पुढं एका गावात वच्छलाबाई शाळेची खिचडी शिजवायची. ती दलित, म्हणून मोठ्या घरची पोरं डबे आणत आणि तिची खिचडी तशीच उरे. तिला काढायचं घाटत होतं, आणि नवरा गेल्यावर घर त्या एका कामावर चाललेलं. ताई तिथं समतेचा कार्यक्रम घेणार म्हटल्यावर गावातल्या पाटलीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ताई, तुमी बामनाच्या. तुमी पयला घास घ्या, मंग आमची पोट्टीबी जेवतीन."

वच्छलाबाईनं मला गाठलं. "सलीमभाऊ, ताईले उपास नसते असा वार सांगा एखादा."

मी मनातल्या मनात आठवडा फिरवला आणि म्हणालो, "बुधवार."

बुधवारी दिल्लीचे पाहुणे, कॅमेरा, पोरांच्या रांगा. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून आलेली. तिनं पहिली ताटली ताईंपुढं धरली. ताईंनी ताटली बघितली, पाहुणे बघितले, आणि तिच्या हातातला डावच काढून घेतला. "मी वाढते ना! आज बुधप्रदोष आहे गं." फोटो निघाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम.

पाटलीणबाईंनी नातवाला उठवलं. "चाल रे. थ्या खाऊन नाई राहिल्या, आपून कावून खावं?" रांगेत एकेक डबा उघडला.

परतताना मोझरीच्या पुढं ताईंनी जीप थांबवायला लावली. दोन आलूबोंडे मागवले, वर तळलेली मिरची. "पित्त उठलं रे, सोडावा लागला," म्हणाल्या. "तू का असा गप्प?"

"काही नाही ताई," मी म्हणालो. "क्लचचा आवाज ऐकून राहिलो होतो."

महिन्याभरात शाळेनं दुसरी बाई ठेवली. हातात डाव घेतलेल्या ताई संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आल्या. पुढं कुठलासा पुरस्कार मिळाला, आणि आता त्या दिल्लीत कुणाकुणाला मदत द्यायची हे ठरवणाऱ्या समितीवर आहेत. तिथं जेवणं रोजच असतील.

वापीला निघण्याआधी मी वच्छलाबाईला भेटायला गेलो. ती दुसऱ्याच्या वावरात तण निंदत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच विळा खाली ठेवून विचारलं, "सलीमभाऊ, त्या दिवशीची खिचडी झालती कशी हो? कोनंच सांगतलं नाई मले."

ती मीही चाखली नव्हती. ताईंच्या देखत घास उचलायची माझी हिंमत झाली नव्हती. मी तेवढा वेळ जीपची काच पुसत उभा होतो.