चिंधी बांधलेला झोपाळा

"झोपाळा कुणी बांधून ठेवलाय ते बघा, आणि आधी सोडा," साहेब फोनवर म्हणाले.

रविवारची संध्याकाळ होती. सोलापुरातल्या भवानी पेठेजवळच्या बागेत पोरांची झुंबड, आणि मोठ्या झोपाळ्याच्या दोन्ही साखळ्या चिंध्यांनी खांबाला आवळून टाकलेल्या. कुणा पालकाने फोटो काढून थेट साहेबांना पाठवला होता.

मी उद्यान विभागात ज्युनिअर इंजिनिअर. बागांमधली खेळणी तपासणं माझं काम. हा झोपाळा मीच गुरुवारी तपासला होता. साखळी ओढली, बसायची पाटी हलवली, चेकलिस्टवर 'ओके' लिहून सही ठोकली. त्यामुळे चिंध्या बघून माझं डोकंच फिरलं. टवाळखोरांचं काम, असं धरून मी गाठी सोडायला घेतल्या. गाठी अशा पक्क्या, की नखं तुटायची वेळ आली.

शेवटची गाठ सुटली तशी सात-आठ वर्षांची एक मुलगी टुणकन पाटीवर बसली. "अब मेरा नंबर!" झोका घ्यायला तिने पाय मागे नेले, तेवढ्यात बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ धावत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाटी धरली.

"उतर बाळा. मॅडम, चिंधी का सोडलात?"

"तुम्ही बांधली होती? सार्वजनिक झोपाळा आहे हा, तुमच्या घरचा नाही."

"व्हय की. म्हणूनच बांधलो."

ते जॉबर होते. म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे कारागीर. त्यांच्या कारखान्यात माग बिघडला की जॉबर त्याला चिंधी बांधायचा, आणि त्याने स्वतः ती सोडेपर्यंत मागाला कुणी हात लावायचं नाही. माझं सगळं आयुष्य सोलापुरात गेलं, तरी मला हे ठाऊक नव्हतं.

"वरून कट् कट् आवाज येऊलालाय," ते म्हणाले. "कालपासून ऐकतोय मी."

"मी गुरुवारीच तपासलाय."

"रिकामा तपासलात. पोरगं बसल्यावर बोलतंय ते. तुमी लोंबकळा की साखळीला, मग कळंल."

भर बागेत, पोरांच्या देखत, मी साखळीला लोंबकळले. खरं सांगते, त्यांना खोटं पाडायलाच. वर स्पष्ट आवाज आला. कट्.

दिवाबत्ती विभागाची शिडी मागवली. वर चढलेल्या माणसाने हूक काढून माझ्या हातात ठेवला. साखळी ज्यात अडकते तो लोखंडी आकडा. बाहेरून जाडजूड, हिरवा रंग दिलेला. आतून, कडी घासते तिथे, काडेपेटीतल्या काडीएवढा उरलेला. खालून हे दिसणं शक्य नव्हतं. शिडी लावली असती तर दिसलं असतं, पण ती मी लावली नव्हती.

ती मुलगी शेजारीच उभी होती. "ठीक हुआ क्या?" तिने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. तिला झोपाळ्यावर बसायला वाट मीच करून दिली होती.

साहेबांना फोन लावला. "झोपाळा बंद ठेवतेय."

"अहो मॅडम, तक्रार आलीय!"

"नुसती तक्रारच आलीय साहेब, अपघाताची बातमी नाही. सही माझी होती, चूक माझी आहे."

साहेबांनी कारण विचारलं, मी हूकचं सांगितलं. मग, "बंद ठेवा."

चिंध्या जॉबरमामांनीच पुन्हा बांधल्या. मी म्हणाले, "मामा, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही." "उपकार कसले? नवा हूक लावा, मग मला बोलवा," एवढंच ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी नवे हूक बसले. मामा स्वतः लोंबकळले, कान देऊन ऐकलं आणि मगच गाठी सोडल्या. त्या मुलीने पहिला नंबर कुणाला दिला नाही. तिचा झोका वर जाताना मीही कान देऊन ऐकत होते.

आमच्या चेकलिस्टमध्ये आता दोन ओळी वाढल्यात. शिडी लावून हूक बघावा. आणि तपासणाऱ्याने आधी स्वतः झोपाळ्यावर बसावं. आमच्या विभागात सडपातळ माणसं फारशी नाहीत, त्यामुळे तपासणी चोख होते.