विकणाऱ्याला वाईट वाटलं नाही

ते प्रकरण आठवलं की आधी धुरळा आठवतो. चाकूर तालुक्यातल्या उन्हाळी दुपारचा, पिवळट, झोपेत तरंगल्यासारखा. आणि त्यातून ठाण्याकडे चालत येणारी एक बाई. मी तिथं ठाणेदार होतो.

बाई चाळिशीची, आपली जमीन आपण कसणारी. घरात ट्रॅक्टर नव्हता. नांगरटीसाठी दरसाल दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, आणि त्याची सगळी रानं उरकली की मग हिची पाळी. यंदा जुना का होईना, स्वतःचा घ्यायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. निलंग्याकडचा एक माणूस ट्रॅक्टर घेऊन तिच्या रानात आला होता. तिनं नांगर जोडून चालवून दाखवायला लावला. धूर काळा नाही, लिफ्ट नांगर अलगद उचलते, टायर बरे.

"मग अडलं कुठं, ताई?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर लई चांगला हाय, साहेब. पन इकणाऱ्याला वाईटच वाटून न्हाई राहिलं."

"अहो, ही काय तक्रार झाली?"

"हसा तुमी! बैल इकताना माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो का न्हाई? ह्यो म्हनतो, लई वर्षं माझ्याजवळ हाय, आन् बॉनेटला हातसुदिक लावना. कुणाचा तरी उचललेला हाय." मग आवाज उतरला. "असा ट्रॅक्टर मला पुन्हा मिळायचा न्हाई, ते बी कळतंय."

त्या माणसाला ठाण्यात आणलं. कागद म्हणे घरी आहेत. आवाज चढवला की असली माणसं जास्तच घट्ट होतात, हा माझा अनुभव. म्हणून चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, "पहिल्यांदा दारात आणला तेव्हा ओवाळलं कुणी रे?"

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शोरूमवाल्यानं."

हवालदाराला ठसकाच लागला. पुढं फार वेळ गेला नाही. मुखेड तालुक्यातल्या एका गावात वरात निघाली असताना वाजंत्रीच्या गोंगाटात त्यानं ट्रॅक्टर पळवला होता. मुखेड ठाण्यात गुन्हा आधीच दाखल होता. चेसिस नंबर जुळला.

न्यायालयाच्या आदेशानं ट्रॅक्टर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मूळ मालकाला दिला. मालक म्हातारा शेतकरी. बाई ठाण्याच्या फाटकाशी उभी होती.

"झालं बगा साहेब. पुन्हा दुसऱ्याचं दार," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्यानं ही कोण म्हणून विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यानं तिला मडगार्डवर बसवलं आणि ट्रॅक्टर सुरू केला.

पण मुखेडच्या रस्त्याला लागायचं सोडून तो तिच्या गावाकडे वळला. मी जीप त्यांच्या मागं घातली. रानात पोचल्यावर नांगर जोडून झाला, तसा तो सीटवरून उठून मडगार्डवर सरकला.

"बसा ताई. तुमी चालवा."

"तुमचा हाय, काका."

"हाव, माझाच हाय. म्हणून तर सांगून राहिलो. दरसाल पयलं तुमचं रान, मग माझं."

तिच्या नांगराची पहिलीच तास वाकडी गेली. "जाऊ द्या वाकडी, रान तुमचंच हाय!" म्हातारा ओरडला. काळी माती उलटत होती, बगळे मागं मागं चालले होते, आणि उन्हात ते दोघं हळूहळू पुसट होत गेले. मी बांधावर कितीतरी वेळ बसून राहिलो.

गुन्हा उघडकीला आला की आमचं काम संपलं, असं मी समजत होतो. पण खरं सांगायला आलेलं माणूस रिकाम्या हातानं घरी गेलं, तर काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं त्या म्हाताऱ्यानं केलं.