उसन्या कानांच्या दोन संक्रांती

रत्नप्रभा साठ्ये हळदीकुंकवाला जायची ती धंद्यासाठी. हे ती लपवत नसे; कुणी विचारत नसे, एवढंच. मुलुंड पूर्वेला तिचं आणि जयंतीचं फराळाचं दुकान. पोळ्या, चकल्या, गणपतीत उकडीचे मोदक. जयंती तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि दुकानात अर्ध्याची भागीदार. डोकं रत्नप्रभाचं आणि हात जयंतीचा, असं गल्लीत म्हणत. जयंतीही हसून मान डोलवायची.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दोघी एक घर सोडायच्या नाहीत. तिथे काय कळत नाही? कुणाच्या सुनेला नोकरी लागली, म्हणजे त्या घरी पोळपाट माळ्यावर गेला. कुणाचे गुडघे गेले, म्हणजे यंदा चकल्या विकतच्या. कोण ज्वारीच्या भाकरीवर आलं, कुणाकडे मोबाइलवरून जेवण मागवायला लागले, कुठल्या सोसायटीने इमारत पाडून नवी बांधायला बिल्डरशी करार केला. कामाचं काही कानावर पडलं की रत्नप्रभा जयंतीकडे बघायची, आणि जयंती हातातल्या बांगड्या मागे सारायची. म्हणजे ऐकलं. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघी चहा घेत वर्षाचं ठरवायच्या: पोळ्यांना बायका किती ठेवायच्या, नवीन काय करायचं, काय बंद करायचं.

रत्नप्रभाचा मुलगा निहार मॅनेजमेंट शिकून अंधेरीच्या एका कंपनीत लागला, तेव्हा त्याने आईला शहाणं करायला घेतलं. "आई, याला एक्स्टर्नल एन्व्हायर्नमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. सरकारचे नियम, महागाई, लोकांच्या सवयी, नवी यंत्रं... बाहेर काय बदलतंय ते आधी तपासायचं, मग प्लॅन करायचा."

"बरं," रत्नप्रभा म्हणाली. "आणि वाण काय देता तुम्ही लोक?"

मग तिचे यजमान मधुकर गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला रत्नप्रभाला एकही बोलावणं आलं नाही.

असल्या गोष्टी तिने जन्मात मानल्या नव्हत्या. स्वतःच्या घरी ती नवरा गेलेल्या बायकांना आधी कुंकू लावायची, आणि कुणी नाक मुरडलं तर तिला वाण सगळ्यात शेवटी द्यायची. त्यामुळे त्याच बायकांनी आपल्याला गाळलं, हे तिला फार लागलं.

"जाऊ दे गं रत्ने," जयंती म्हणाली. "वरून सगळ्या मॉडर्न, आतून आपल्या आज्यांसारख्याच. मी जाते ना. सगळं ऐकून येते."

"जिथे बोलवत नाहीत तिथे मी पाय ठेवणार नाही."

"नकोच ठेवूस."

नवरा गेला की बाईचं कपाळ रिकामं करायची ही रीत निव्वळ मूर्खपणाची. पण ती इतकी जुनी आणि ओळखीची, की आपल्यावर ती लागू झाली हे रत्नप्रभाने एका शब्दावर मान्य केलं. एक फोन करून "काय गं, मला का नाही बोलावलंस?" असं तिने कुणालाही विचारलं नाही. मान आड आला, दुसरं काय! समोरच्या इमारतीतली वनमाला डबके पोळ्या न्यायला आली की रत्नप्रभा आत कणीक बघायला निघून जायची. वनमाला बिचारी काउंटरपाशी उभी राहून इकडेतिकडे बघायची आणि पिशवी घेऊन जायची.

दुसऱ्या संक्रांतीलाही जयंती एकटीच गेली, आणि रथसप्तमीनंतर नेहमीसारखी चहा घेऊन बसली.

"सगळं झकास आहे. बायका म्हणतात, तुमच्याकडे अजून काही ठेवा."

"आणि समोरच्या तीन सोसायट्या? करार होणार म्हणत होते."

"दहा वर्षं म्हणतायत! नुसत्या मीटिंगा आणि वडापाव."

शेजारचा स्टेशनरीवाला गाळा सोडून चालला होता. रत्नप्रभाच्या मनात तो कधीपासून होता. मधे भिंत पाडायची, मोठा ओटा घालायचा, चार जणांना बसून थालीपीठ खाता येईल अशी जागा करायची. तिने निहारला फोन केला.

"आई, माहिती आणली कुणी?"

"जयंतीने."

"आणखी कुणी?"

"आणखी कोण हवंय? जयंती म्हणजे माझेच कान."

"तसं नसतं गं. एकाच तोंडून आलेल्या माहितीवर एवढा मोठा निर्णय कुणी घेत नाही. सोसायटीत कुणाला तरी विचार ना, दोन पावलांवर तर आहे."

"तुमच्या कंपनीत माणसांवर भरवसा ठेवत नसतील. आम्ही ठेवतो," असं म्हणून तिने फोन ठेवला, मधुकरांच्या नावची ठेव मोडली, अनामत भरली आणि गाळा भाड्याने घेतला. भिंत पडली त्या दिवशी जयंतीने सगळ्या बायकांना पेढे वाटले.

मे महिन्यात समोर टेम्पो लागले. आधी एका सोसायटीपाशी, मग तिन्ही. कपाटं उतरली, गाद्या उतरल्या, तुळशीच्या कुंड्या रिक्षात बसून गेल्या. नव्या ओट्याची फरशी अजून कोरी होती आणि समोरची सगळी गिऱ्हाइकं घरं रिकामी करून चालली होती. जयंती "अचानकच झालं की गं," म्हणत कढईतलं तेल ढवळत राहिली.

जाण्याच्या आदल्या दिवशी वनमाला आली. या वेळी रत्नप्रभाला आत जायला सवड मिळाली नाही.

"रत्नाताई, येते मी. आम्ही इथेच मुलुंड वेस्टला घर घेतलंय भाड्याने, बाकीचे बहुतेक ठाण्याला. तुमच्यावर राग नाही हं माझा."

"माझ्यावर? राग कसला?"

"दोन वर्षं हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं तुम्हाला, जयंतीताईंच्या हाती. त्या म्हणाल्या, तिला आता असलं काही सहन होत नाही, फोनही करू नका, रडत बसते. मग आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं. पण दुकानातही तुम्ही तोंड फिरवायला लागलात, तेव्हा मात्र वाईट वाटलं बाई."

रत्नप्रभाने काउंटरवरची परात उगाच सरळ केली.

"सोसायटीचं कधी ठरलं होतं?"

"संक्रांतीच्या आधीच! माझ्याच घरी तर बोलणं झालं. जयंतीताईंनी तिथेच नावं लिहून घेतली ना, ठाण्याला कोण कोण जाणार त्यांची. त्यांची सून रुचिरा तिकडे पोळीभाजी सुरू करतेय. तुमचंच दुकान ना ते? दुसरी शाखा?"

"हो," रत्नप्रभा म्हणाली. "शाखाच."

वनमाला गेल्यावर तिने कामाच्या बायकांना घरी पाठवलं आणि गॅस बंद केला. जयंतीने झारा खाली ठेवला. तिने आतून वनमालाचं बोलणं ऐकलं होतं.

"आमच्या सिद्धेशची नोकरी दोन वर्षांपूर्वीच गेली होती रत्ने. घरात तो आणि रुचिरा रोज भांडत होते. काहीतरी हवं होतं त्यांना."

"मला सांगायचंस. मी रुचिराला ते दुकान स्वतः उघडून दिलं असतं."

"दिलं असतंस. आणि जन्मभर ऐकवलं असतंस. डोकं तुझं, हात माझा... मलाही डोकं आहे."

"आहे की! चांगलंच चालवलंस." रत्नप्रभाने पाडलेल्या भिंतीकडे हात केला. "आणि हे? हे करताना का नाही अडवलंस?"

"दोनदा आले होते सांगायला. तू कारागिराशी फरशीच्या रंगावरून भांडत होतीस. मधुकरभाऊजी गेल्यावर पहिल्यांदा इतकी खूश दिसलीस."

"माझ्या खुशीचं नाव घेऊ नकोस, जये. गाळ्याचं मी निस्तरीन. पण दोन वर्षं मी त्या बायकांना मनात शिव्या घातल्या. त्यांनी मला अपशकुनी ठरवलं असं समजून घरात बसले. ते तर धंद्यासाठीही लागत नव्हतं."

"लागत होतं," जयंती हळूच म्हणाली. "तू आली असतीस तर सगळं तुलाच आधी कळलं असतं."

 जयंतीने आपला एप्रन घडी करून ओट्यावर ठेवला आणि पर्स घेतली. तो एप्रन रत्नप्रभाने दुसऱ्या दिवशी पुसायच्या फडक्यांत टाकला. भागीदारी मोडली. नवा गाळा तोट्यात सोडावा लागला आणि पाडलेली भिंत तिलाच पुन्हा बांधून द्यावी लागली. गणपतीत मोदकांसाठी रांग लागली नाही. गाळा सोडण्याआधी निहार भेटायला आला होता, तेव्हा तो फरशीबद्दल चांगलं बोलला, बाकी काही नाही. शहाणा मुलगा!

पुढच्या संक्रांतीला वनमालाने स्वतः फोन केला. रत्नप्रभा रिक्षा करून मुलुंड वेस्टला गेली. वनमालाने दारातच तिला हळदकुंकू लावलं, बोट जरासुद्धा न अडखळता, आणि हातात स्टीलची चहाची गाळणी दिली.

आत सोफ्यावर जयंती बसली होती. तिने सवयीने बाजूला सरकून जागा केली. रत्नप्रभा दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. शेजारी याच इमारतीतली कुणी अनोळखी बाई होती. तिळगूळ झाला, बोरं झाली, आणि ती बाई सहज म्हणाली, "आमच्या मागच्या रस्त्याला दोन मोठी ऑफिसं येतायत म्हणे. दुपारच्या जेवणाचं काय करणार ती पोरं, देव जाणे."

रत्नप्रभाची नजर आपोआप सोफ्याकडे गेली. जयंती तिच्याकडेच बघत होती. तिने बांगड्या मागे सारल्या.

रत्नप्रभाने मान वळवली आणि खुर्ची त्या बाईकडे ओढली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. "आणि आणखी कुणाला माहीत आहे?"