व्याह्यांनी न सोडलेला मार्क

अख्ख्या भोर-वेल्ह्यात घासाघीस करून मला हरवणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. शिवऱ्याला हमरस्त्यालगतचं तांदळाचं दुकान मी पाठीवर पोती वाहून उभं केलं. समोरच्यानं आवाज चढवला की माझा त्याच्या वर जातो. हे गृहस्थ आवाज चढवतच नाहीत. वेल्ह्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून शिकवून त्यांना सगळं जग समीकरणातल्या बाणाच्या अलीकडे आणि पलीकडे असंच दिसतं. थोरलीच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी वाढप्याला अडवलं. "जिलेबी संपत आलीय. आता मठ्ठा कितीही घुसळा, उरणारच." जिलेबी संपली, मठ्ठा उरला, आणि मुलीचा बाप म्हणून मी तोंड लपवत फिरलो. चहा पिऊन झाला की तळाची साखर चमच्यावर घेऊन दाखवतात, "ही विरघळली न्हाई, वाया गेली." दुकान माझं, साखर माझी!

तेही सोसलं असतं. पण धाकटीला औषधनिर्माणशास्त्राला जायचं होतं, म्हणून ती थोरलीच्या सासरी राहून त्यांच्याच कॉलेजात शिकत होती, आणि अकरावीला या सोयऱ्यानं तिला रसायनशास्त्रात एका मार्कानं नापास केलं. मी तडक वेल्हं गाठलं.

"पाहुणं, पोरगी तुमच्याच घरात जेवती. येक मार्क टाका की वरनं!"

"मार्क म्हंजे काय कोथिंबीर हाय, वरनं टाकायला?" म्हणत त्यांनी पेपर पुढे केला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी करायचं होतं. उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडला, तो पोरीनं सरळ पाण्याच्या सूत्रात कोंबला.

"मग? दोन्हीकडं सारखं झालं की!"

"झालं. पण ते पाणी ऱ्हायलं न्हाई, जखम धुवायचं औषध झालं. पाहुणं, हिशेब बसंना म्हणून तुमी आंबेमोहोराच्या पोत्यात भलताच तांदूळ भरता का? माल बदलायचा न्हाई. पोती वाढवायची."

आत थोरली फिस्कन हसली. मी अर्ध्या मार्कावर आलो. ते जागचे हलले नाहीत.

मग सुट्टीत, फेरपरीक्षेपर्यंत, हेच गृहस्थ रोज एसटीनं माझ्या दुकानात. रसायनशास्त्रातला मोल शिकवायला त्यांनी माझी दोन पोती फोडली. "मोल म्हंजे नगांचा ठरलेला आकडा, डझनासारखा, पर लई अफाट. आंबेमोहोराचे अन् जाड्या तांदळाचे सारखेच दाणे घे. वजन सारखं भरंल का? न्हाई. अन् दाणे मोजत कोण बसतंय? तराजूत टाक, वजनावरनं दाणे काढ." पोरीच्या डोक्यात ते बसलं, तांदूळ मात्र एकमेकांत मिसळले आणि ते निवडायला आमची मंडळी बसली. धाकटी पास झाली. आता पुण्याला शिकते. तो मार्क मी अजून विसरलेलो नाही.

व्याही आता निवृत्त झालेत. अजूनही येतात, पोत्यावर बसतात, पाऊसपाण्याचं विचारतात आणि गप्प होतात. चहातली साखरसुद्धा हल्ली तशीच ठेवतात. मग मी तांदळाचे भाव लिहायच्या फळ्यावर खाली खडूनं हायड्रोजन, ऑक्सिजन आणि पोरीनं केलं होतं ते पाणी लिहून ठेवतो. थोड्या वेळानं त्यांची नजर जाते. "अवो पाहुणं, किती येळा सांगू?" म्हणत ते उठतात, रुमालानं फळा पुसतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

तेवढ्यात त्यांची परतीची वेल्ह्याची एसटी समोरून निघून जाते. मी हात करत नाही.